नंदाखालची घोरपड आणि रंगीत सालीचं झाड

वसईला लोक किल्ला बघायला जातात, समुद्रावर जातात, नाहीतर कुणाच्या तरी नव्या फ्लॅटची वास्तुशांत असते म्हणून जातात. मी गेले एक तुलना करायला. मिरजेच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि मुलांच्या एका मासिकात दर महिन्याला एक पान लिहिते. संपादकांनी या खेपेला दोन चित्रं पाठवली होती. एकात कोमोडो बेटावरचा माणसाहून लांब सरडा. दुसऱ्यात त्याच समुद्रातल्या दुसऱ्या बेटांवरचं निलगिरीचं एक झाड, ज्याची साल सोलत जाते आणि खाली हिरवे, केशरी, जांभळे पट्टे उमटतात. दोघांच्याही मुळावर माणूस उठलेला. या दोघांची तुलना करा, मुलांना समजेल अशी, असं संपादकांचं म्हणणं.

मी दोघांपैकी कुणालाच पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेल्यावर लिहायचं म्हटलं की मला पहिलं वाक्यच सुचत नाही. हे मी फोनवर रेखाला सांगितलं. रेखा माझी शाळेपासूनची मैत्रीण, लग्न होऊन वसईजवळच्या नंदाखालला वाडीवाल्यांच्या घरात गेलेली.

ती म्हणाली, "अगं, ते झाड आमच्या वाडीत आहे. माझे सासरे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी बी आणलं होतं. आणि तुझ्या त्या राक्षसाची धाकटी बहीण म्हण हवं तर, एक घोरपड, ती त्याच झाडाच्या मुळांत राहते. पण यायचं तर लवकर ये."

लवकर का, ते तिनं सांगितलं नाही. माझा स्वभाव असा की एवढा एक शब्द मला प्रवासभर पुरला. सासरे आजारी असतील इथपासून रेखाचं घरात बिनसलं असेल इथपर्यंत सगळं माझ्या मनात होऊन गेलं.

गुरुवार, नंदाखाल

घाटावरच्या माणसाला इथली हिरवाई सुरुवातीला झेपतच नाही. आमच्याकडे शेत म्हणजे नजर जाईल तिथपर्यंत उघडं. इथं माड, त्याखाली केळी, केळीखाली पानवेली, आणि या सगळ्यात कुठंतरी घर. वळणावर एक पांढरा क्रूस, त्याला ताज्या झेंडूचा हार, आणि त्याच्याच पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन. जानेवारी असूनही हवा दमट होती. स्वेटर आणल्याबद्दल रेखा मला हसली.

चहाचा पहिला घोट घेतला आणि थबकले. खारट होता. मला वाटलं, गप्पांच्या नादात रेखाकडून साखरेबरोबर मिठाचाही चमचा पडला असेल. पाहुण्यानं बोलू नये म्हणून मी तसाच संपवला.

"कळलं ना?" रेखा म्हणाली. "विहीर खारी झालीय. दिवाळीपासून. डाळ शिजत नाही, पानवेली पिवळ्या पडल्यात. आता सुकेळ्यांची केळीसुद्धा धरेनात." सुकेळी म्हणजे इथली सुकवलेली केळी, मधासारखी चिकट. गेल्या वर्षीची शिल्लक तिनं माझ्या पुढ्यात ठेवली होती, आणि ती खाताना मला उगाच शेवटचं काहीतरी खाल्ल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात तिचे सासरे, दादा, मागच्या दारानं आत आले. पंचाहत्तरीचा उंच, वाळका माणूस, चालताना अजून बोटीवर असल्यासारखे पाय फाकवून टाकणारा. माझी ओळख करून घ्यायच्या आधीच म्हणाले, "चल, झाड बघ. उजेड आहे तोवर."

झाड विहिरीपासून थोडं अलीकडे होतं. माडांच्याही वर गेलेलं, सरळसोट. मी चित्रावर विश्वास ठेवलेला नव्हता, पण चित्र कमीच होतं. खोडावर ओल्या हिरव्यापासून विटकरीपर्यंत सगळे रंग उभे ओघळले होते, कुणी वरून बादल्या ओतल्यासारखे. हात लावला तर साल गुळगुळीत आणि थंड. पान चुरगळून हुंगलं, तर आपल्या निलगिरीचा तो सर्दीच्या औषधाचा वास जवळजवळ नाहीच.

"तिकडच्या एका बंदरात रस्त्याच्या कडेला होती ही," दादा म्हणाले. "बी म्हणजे नुसती धूळ. काडेपेटीत भरून आणलं. एवढंच एक जगलं. तुझा तो मोठा सरडापण बघितलाय मी. बंदराच्या बागेत, पिंजऱ्यात. आमच्या चीफ इंजिनियरसारखा बघत होता माझ्याकडे, जीभ काढून."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "शनिवारी तोडणार आहेत."

मग लवकर ये म्हणण्याचा अर्थ लागला. रेखाचा नवरा मधू मुंबईला बँकेत, पण सकाळ-संध्याकाळ वाडी तोच बघतो. निलगिरी जमिनीतलं पाणी शोषून घेते असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि विहीर खारी होण्याचं खापर त्यानं झाडावर फोडलं होतं. वाडी गेली तर घर गेलं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजारची वाडी आधीच बिल्डरला गेली होती. तिथलं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जुनं तळं, भराव टाकून बुजवलं होतं आणि त्यावर पाटी लागली होती.

"दादा, तुम्ही विरोध नाही केला?"

"वाडी आता त्याची आहे. आणि पानवेली मलापण दिसतात." एवढं बोलून ते खोडाला पाठ टेकून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

जेवणाआधी शेजारचे इनासबाबा आले. दादांच्याच वयाचे, डोक्याला टोपी, हातात एक मडकं. त्यांची आणि दादांची दोस्ती अर्ध्या चड्डीतली. एक हिंदू, एक ख्रिस्ती, आपापल्या घरात दोघांची बोली वेगळी, पण एकमेकांशी बोलताना दोन्हींची अशी मिसळ करतात की मला निम्मंच कळलं. ते मडकं म्हणजे घुमट. दोन तोंडांचं, एका तोंडावर कातडं ताणलेलं. रविवारी इनासबाबांच्या नातीचं लग्न होतं, आणि घुमटाशिवाय यांच्याकडे लग्नाची गाणी होत नाहीत. यांच्या घुमटाचं कातडं मात्र मधोमध फाटलेलं होतं.

"बाई, तुमी प्राण्यांचं लिवता म्हणे," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "हिकडं कुठं घोरपड दिसली काय तुमाला?"

घुमटाला घोरपडीचं कातडं लावायची इथली जुनी चाल. रेखानं मला येताच बजावलं होतं की इनासबाबांसमोर घोरपडीचं नाव काढायचं नाही. ते महिनाभर दिसेल त्याला हाच प्रश्न विचारत होते. मी म्हणाले, "नाही बुवा. आमच्याकडे मिरजेतपण हल्ली दिसत नाहीत." त्यांनी विचारलं इथलं आणि मी सांगितलं मिरजेचं. माझे कान गरम झाले होते आणि सगळ्यांना ते दिसतायत असं मला वाटत होतं.

शुक्रवार, नंदाखाल ते आचोळे

मधू पहाटेच कामावर गेला. ऊन चढल्यावर दादांनी मला केळीच्या आडोशाला बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

ती आली. आधी मुळांच्या फटीतून एक टोकदार तोंड, मग दुभंगलेली जीभ, मग बाकीची, संपतच नाही अशी. मातकट रंग, मानेवर सैल सुरकुत्या. उन्हात येऊन ती रंगीत खोडालगत पसरली आणि डोळे अर्धे मिटले. पाठीमागे इतकी सुंदर साल, आणि तिच्या पुढ्यात ही अशी, चिखलात लोळून आल्यासारखी. मी भारावून गेले, आणि त्याच क्षणी भ्यायलेही. एखाद्यानं एवढ्या उघड्यावर एवढं निश्चिंत असू नये.

मनात तुलना आपोआप सुरू झाली. झाड परकं, घोरपड इथलीच. झाडाला कायदा नाही, घोरपडीला आहे. तिला मारणं, पकडणं गुन्हा आहे. पण झाडाला निदान एक म्हातारा आहे. घोरपडीचं तेल सांधेदुखीवर लावणारे, मटण खाणारे, कातडं ताणणारे, सगळ्यांना ती हवीच आहे आणि म्हणूनच तिचा भरवसा नाही. झाड कुणालाच नको आहे, म्हणून त्याचाही नाही. एक पळू शकते पण तिला पळायला जागा उरलेली नाही. दुसऱ्याला पळताच येत नाही.

आणि मग मला ते सुचलं. मी दादांना बाजूला ओढलं. "कायदाच आहे ना. झाडाखाली घोरपडीचं बीळ आहे म्हणून मधूला सांगा. तो बँकेतला माणूस, कायद्याला घाबरेल. झाड वाचेल."

मधूनं ती घोरपड कधी पाहिलेलीच नव्हती. एरवी तो घरी असतो तेव्हा ऊन नसतं, आणि रविवारच्या वर्दळीत ती बाहेर पडत नाही.

दादांनी आधी केळीची एक वाळकी पात तोडून टाकली. मग म्हणाले, "मधूच्या पोटात काही राहत नाही. तोडायचं का थांबवलं म्हणून पहिलं इनास विचारणार, आणि मधू सांगणार. इनास त्याला माझ्याच जागी आहे. मग हिचं काय?"

"इनासबाबा मारतील?"

"नातीचं लग्न आहे. घुमट फाटलंय." ते घोरपडीकडे बघत होते. "झाड मी आणलं, शुभा. माझी हौस. ही आपणहून आली. तिला नाही फसवायचं."

म्हणजे झाड वाचवायचं तर घोरपड उघड करायची, आणि घोरपड वाचवायची तर झाड पडू द्यायचं. मी मासिकासाठी तुलना करायला आले होते, आणि हा माणूस बसल्या जागी ती करून मोकळा झाला होता. मला त्यांचा राग आला. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

दुपारी रेखानं मला जबरदस्तीनं बाहेर काढलं. लग्नाचा आहेर घ्यायचा होता आणि आचोळ्याला तिच्या नणंदेचा फ्लॅट होता. सगळ्या वाटेवर आमच्या रिक्षापुढे एक टँकर होता. मागच्या नळातून पाणी गळत होतं आणि रस्त्यावर ओली रेघ ओढली जात होती. मी विचारलं तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "वाडीका पानी. इधर बिल्डिंगमें सब यही पीते हैं." नणंदेच्या घरी बाथरूमपासून गॅलरीपर्यंत पिंपं आणि बादल्या. ती लालबागहून आलेली, इथं स्वतःची जागा झाली याचा तिला केवढा आनंद. तिनं चहा केला. गोड, स्वच्छ चहा. नंदाखालसारख्याच कुठल्यातरी वाडीच्या विहिरीचा. मी तो अर्धा कपातच ठेवला.

रात्री जेवताना मी मधूला म्हणाले, "झाडानं नाही, टँकरनं विहिरी खाऱ्या होतायत. गोडं पाणी उपसलं की खालून समुद्राचं पाणी आत शिरतं."

मधू शांतपणे ऐकून घेणारा माणूस. वालाचं बिरडं वाढून घेत म्हणाला, "मलाही आधी तसंच वाटलं. पण ताई, इनासबाबांची विहीर आमच्या कुंपणाला लागून. तिचं पाणी अजून गोड आहे. मी स्वतः विचारलं त्यांना. समुद्र काय फक्त आमच्याच विहिरीत येणार? फरक एकच, त्यांच्याकडे हे झाड नाही."

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला गप्प बसवायला यापेक्षा चांगला प्रयोग असू शकत नाही. मला रात्रभर वाटत राहिलं की कुठंतरी चुकतंय, आणि काय ते मला दिसत नाहीये.

शनिवार

तोडणारे मिठागरांकडच्या गावातून आले होते. त्यांच्यातला मुकादम झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "असलं रंगीत लाकूड कंदी कापलं नाय." मधूनं रजा घेतली होती. रेखा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. दादा विहिरीच्या कठड्यावर येऊन बसले. मी त्यांना आत चला म्हणाले, त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळानं कुंपणातून इनासबाबाही आले. शेजारी एवढं मोठं झाड पडणार तर बघायला येणारच, पण मला त्यांना तिथं बघून धडकी भरली. ऊन वर येत होतं. ही घोरपडीची बाहेर पडायची वेळ होती.

करवत आत गेली तसा खोडातून रस पाझरायला लागला. मुकादम म्हणाला, "लय पानी हाय याच्या पोटात." मधूनं दादांकडे पाहिलं, बघा, मी म्हणत होतो ना, अशा नजरेनं. दादांनी पाहिलंच नाही. त्यांची नजर मुळांवर होती. माझीही. मी मनातल्या मनात त्या जनावराला आतच राहा म्हणून विनवत होते.

दोर ताणले, माणसं बाजूला झाली, आणि झाड दोन माडांच्या मधून सरळ खाली आलं. जमीन हादरली. धूळ बसते न बसते तोच ती बाहेर पडली. भेदरून, शेपटी आपटत, आणि धावली ती थेट इनासबाबांच्या पायाशी. तिथं थांबली. मान फुगवून फूत्कारली.

तोडणाऱ्यांपैकी एकानं कोयता उचलला. "बाबा, हलू नका. धरतो."

"ठेव तो खाली," इनासबाबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, हळूच हलवला आणि तिला कुंपणाच्या फटीकडे वळवलं. ती पलीकडे त्यांच्याच वाडीतल्या केवड्याच्या बनात शिरली. ते वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून ती गेली तिकडे बघत राहिले. सरळ झाले तेव्हा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता.

"हाय अजून," ते दादांना म्हणाले. "किती वरसांनी बघितली रे. मला वाटलं संपल्या सगळ्या. महिनाभर जो भेटेल त्याला विचारतोय, कुनी हो म्हणेना."

"कातड्यासाठी विचारत होतास ना," दादा म्हणाले.

"कातडं?" त्यांना क्षणभर उमगलं नाही. "बकऱ्याचं लावलं कालच. बद्द वाजतंय, पन वाजतंय. नातीच्या लग्नाला तिचा जीव घेऊ काय मी?" मग ते थांबले. त्यांनी पडलेल्या झाडाकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, माझ्याकडेही. "तुला ठाऊक होती ती हितं हाय म्हणून?"

दादांनी खाली पडलेला सालीचा एक तुकडा उचलला. मधू एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. पडलेल्या खोडावरचे रंग तसेच होते, फक्त आता आडवे.

संध्याकाळी लग्नघरी गेलो. जायचं नाही असं वाटत होतं, पण इथल्या रिवाजाप्रमाणे आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणतात, आणि इनासबाबांच्या घरी पहिली घागर शेजाऱ्यानं, म्हणजे दादांनी भरून द्यायची हे त्यांच्या बापजाद्यांपासून ठरलेलं. आमच्याकडे हळदीला शेजारचा पुरुष लांबूनच अक्षता टाकून जातो. इथं त्याच्यावाचून अडतं. अंगणात फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळले जात होते, गोल, खमंग, तांबूस. इंद्यालाच्या, म्हणजे इथल्या आंबटतिखट मटणाच्या, व्हिनेगरचा वास सुटला होता. पाहुण्यांना प्यायला दोन मोठी पिंपं भरून ठेवली होती. पाणी गोड होतं. मी दोन पेले प्याले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नवऱ्याकडची माणसंही आली होती, दुसऱ्या गावची. बायका घागरी घेऊन निघाल्या. पुढे इनासबाबा, गळ्यात घुमट. खरंच बद्द वाजत होतं, पण बायकांचा सूर इतका उंच होता की कुणाला त्याचं काही नव्हतं.

इनासबाबांच्या विहिरीवर दादांनी पोहरा सोडला. भरून वर ओढला. घागरीत ओतण्याआधी त्यांनी ओंजळ भरली आणि जिभेला लावली. वाडीवाल्याची सवय, रोज सकाळी ते आपल्या विहिरीचंही असंच चाखतात.

ओंजळ तशीच राहिली. बोटांतून पाणी गळून गेलं. मधू दोर धरायला शेजारीच होता. त्यानं बापाचा चेहरा पाहिला, पोहऱ्यात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. मग तो विहिरीच्या कठड्यावर मटकन बसला.

इनासबाबांचं घुमट थांबलं होतं. ते जवळ आले. नवऱ्याकडच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलत होते, आणि मी मध्ये उभी होते म्हणूनच मला ऐकू आलं.

"कधीपासून खारी?" दादांनी विचारलं.

"तुझ्याच वेळंपासून. दिवाळीच्या सुमारास."

"मधूनं विचारलं तेव्हा गोड म्हणालास."

"पोरीचं ठरत होतं. आमची वाडी बुडाली म्हणून नवऱ्याकडं कळलं असतं तर?" त्यांनी एकदा मागे वळून पाहुण्यांकडे पाहिलं. "प्यायचं पानी रोज सासुरवाडीहून आनतो."

"मला तरी सांगायचंस, इनास."

इनासबाबांनी टोपी काढली आणि परत घातली. "तू सांगितलंस काय मला, घोरपडीचं?"

दादांनी मान खाली घातली. मागे बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या, नवरीची आई वाजवायला सांगत होती. इनासबाबांनी घुमटावर थाप मारली. दादांनी पोहऱ्यातलं पाणी घागरीत ओतलं, आणि ती पुरती भरली नव्हती म्हणून पोहरा परत विहिरीत सोडला.